मनोरमेला शिकवायचे कोणी?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

1883च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा सोबत अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. आईने धर्म वाचून, वाद घालून, विचारांती स्वीकारला होता. लेकीला तो आईच्या कडेवर मिळाला. ख्रिस्ती घरातल्या बहुतेक मुलांची गत मनोरमेसारखीच असते. त्यामुळे ख्रिस्ती संस्कारांचा विषय बोलायचा तर तिच्यापासून सुरुवात करणे सोयीचे.

रमाबाईंना आसरा देणाऱ्या वाँटेजच्या धर्मभगिनींना वाटत होते की बाप्तिस्मा झाला, आता चर्च शिकवील ते निमूट घ्यावे. रमाबाईंचा पिंड तसा नव्हता. त्या शाकाहारी राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मान लगेच दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. मनोरमेचे धर्मशिक्षण कसे व्हावे यावरूनही त्या धर्मभगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि 1977मध्ये महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. आजच्या पालकांनी तो जरूर चाळावा. सिस्टरना रमाबाईंच्या वागण्यात अहंकार दिसतो, रमाबाईंना सिस्टरांच्या मायेत हुकूम दिसतो, आणि दोघींचाही जीव त्या पोरीत अडकलेला असतो.

सिस्टर अगदीच चुकीच्या नव्हत्या. लहान मुलाला ठरलेली प्रार्थना, ठरलेली वेळ, ठरलेले सण लागतात. रोज नवा वाद ऐकून त्याच्या हाती काही लागत नाही. पण रमाबाईंचा मुद्दा अधिक खोल होता. आईच्या ताटातले अन्न आणि आईच्या तोंडची भाषा परकी करून जो धर्म शिकवला जातो, तो मुलाला पाहुण्यासारखा वाटतो. प्रस्तुत वक्त्याचा कौल रमाबाईंना आहे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले आणि 1922च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर, ते पुरे केले. वाँटेजमधल्या जुन्या वादाला दिलेले ते उत्तरच म्हणता येईल. मनोरमा त्याआधीच, 1921मध्ये, गेली होती.

मुलाला धर्म कोणी शिकवायचा हा पेच त्याहून कितीतरी जुना. सॅक्सनीतल्या खेड्यांतली मंडळी फिरून पाहिल्यावर लोकांचे धर्माविषयीचे अज्ञान बघून मार्टिन ल्यूथर हादरला. 1529मध्ये त्याने छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, ती घरच्या कर्त्या माणसाने मुलांना आणि नोकरांना शिकवावी म्हणून. गोव्यातल्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्सने वेगळी वाट धरली. जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय, हा नवख्रिस्त्यांचा प्रश्न त्याने मनावर घेतला आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616मध्ये छापले गेले. प्रश्नोत्तरी पाठ होते. ओवी मात्र घरात गायली जाते आणि मांडीवरच्या पोराच्याही कानावर पडते.

मग आली रविवारची शाळा. 1780च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्सने ती चालवली ती कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना सुटी रविवारीच असे, म्हणून त्याच दिवशी अक्षरओळख आणि शास्त्रवाचन. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली आणि शब्बाथ शाळा झाली. अमेरिकन मराठी मिशनने 1870च्या दशकात ‘बालबोधमेवा’ हे मासिक खास मुलांसाठी काढले. हे मोठेच काम होते. त्यासोबत एक खोडही लागली: मुलाला रविवारी तासभर वर्गात बसवले की आईबाप मोकळे! आजही कित्येक चर्चच्या आवारात हे दृश्य दिसते. पोरगे आत मुखपाठ वचन म्हणत असते आणि बाप बाहेर गाडीत मोबाइल चाळत असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात ही सोय नव्हती. 1895मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900मध्ये. मधली ताटातूट, मग एकत्र येणे, लक्ष्मीबाईंचे सोवळे आणि ते हळूहळू सुटत जाणे हे सारे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. काही काळ एकाच घरात दोन धर्म नांदले आणि मुलगा दत्तू ते पाहत वाढला. धर्म बदलला म्हणून टिळकांनी अभंगाची चाल सोडली नाही. देवाला हाक मारायची ती आपल्याच सुरात, हा त्यांचा हट्ट होता. घरात माणसांचा राबता असायचा. बालकवी ठोंबरेही तिथे राहून गेले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचकांपुढे आणण्यासाठी खटपट केली ती त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी. त्या घरात धर्माचा वेगळा तास लागत नसे. मुलाने पाहिले ते आईबापांचे भांडण, समेट, पाहुणचार आणि गाणे.

कॅथलिकांमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली जाहीरच केले की मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडील. वसईच्या जुन्या घरांना हे सांगावे लागत नव्हते. दिवेलागणीला आल्तारासमोर सगळ्यांनी बसून रोझरी, नाताळात पोरांनी माती आणि गवत जमवून केलेला गोठा, ईस्ट इंडियनांमध्ये अगेराच्या सुगीच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेणे. मुलाला यातले तत्त्वज्ञान कळत नसे. लोंबी मात्र त्याच्या हातात असे.

आता तिथेच अडचण आहे. शेत विकले गेले, लोंबी बाजारातून आणावी लागते. घरात सामवेदी किंवा कादोडी, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी. आजीचे गीतांचे पुस्तक नातीला अडखळत वाचावे लागते. इंग्रजीत प्रार्थना शिकवायला कुणाची हरकत असू नये. तिला त्या समजत असतील तर शिकवाव्यातच. परंतु दृढीकरणाच्या वयात मुले जे विचारतात — विज्ञान एक सांगते आणि उत्पत्तीचे पुस्तक दुसरे, मग खरे काय; शेजारची गणपती बसवणारी मैत्रीण नरकात जाईल का — त्याला छापील उत्तर पुरत नाही. अशा वेळी ‘गप्प बस, देवाला राग येईल’ म्हणणारी घरे आहेत, आणि ‘मलाही नीट ठाऊक नाही, फादरना विचारू’ म्हणणारीही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या घरातले पोर निदान पुढचा प्रश्न घेऊन पुन्हा घरीच येते.