विषय हेच विद्यापीठ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्येचे स्थान म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम इमारत उभी राहते. तिला प्रवेशद्वार असते, प्रवेशाची यादी असते आणि त्या यादीबाहेर राहिलेल्यांची संख्या यादीतील नावांहून पुष्कळ मोठी असते. एक-दोन गुणांनी प्रवेश हुकलेला विद्यार्थी आणि त्याचे आईवडील शिक्षणाची दारे कायमची बंद झाली अशा समजुतीने खचून जातात. परंतु इंटरनेटच्या आधाराने गेल्या काही दशकांत ज्ञानार्जनाची एक निराळी रचना उदयास आली आहे. तेथे माणसे एका संस्थेची म्हणून नव्हे, तर एका विषयाची म्हणून एकत्र येतात. गणितातील एका प्रयोगावरून ही रचना समजून घेणे उचित ठरेल.

टिमोथी गॉवर्स हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचे विख्यात गणितज्ञ. गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक असलेले फील्ड्स पदक त्यांना १९९८ साली मिळाले. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी जगापुढे एक प्रश्न ठेवला : अनेकांनी मिळून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, एखादे अवघड गणित सोडवता येईल काय? या प्रयोगास पुढे 'पॉलिमॅथ' हे नाव मिळाले.

निवडलेला प्रश्न सांगण्यास सोपा आहे. मुलांच्या फुली-गोळ्याच्या खेळात तीन घरे एका रेषेत आली की डाव जिंकला जातो. हा पट सपाट कागदापुरता न ठेवता त्याच्या मिती वाढवत नेल्या आणि दर शंभर घरांतील केवळ एकच घर भरले, तरी मिती पुरेशा वाढल्यावर कोठेतरी एक पूर्ण रेषा भरलेली सापडतेच. शंभराऐवजी हजारातील एक घर धरले, तरीही हेच खरे ठरते. हा सिद्धांत फुर्स्टेनबर्ग व काट्झनेल्सन यांनी १९९१ साली सिद्ध केला होता. परंतु त्यांचा मार्ग गणिताच्या दुसऱ्याच शाखेतून जाणारा होता. सरळ मोजणीच्या रीतीने तो सिद्ध व्हावा, अशी गॉवर्स यांची इच्छा होती.

कामाचे नियम आरंभीच ठरले. एका वेळी एकच लहानसा विचार मांडावा. तो कच्चा वाटला तरी मांडावा. एकट्याने दूर जाऊन दीर्घकाळ काम करीत बसू नये. दुसऱ्याची चूक दाखवताना सौजन्य सोडू नये. पुढील ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली आणि सिद्धतेचा मार्ग सापडला. या मंडळींत २००६ सालचे फील्ड्स पदकविजेते टेरेन्स टाओ होते, तसेच अमेरिकेतील माध्यमिक शाळेचे एक शिक्षकही होते. हा शोधनिबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामूहिक नावाने 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या अग्रगण्य नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला.

या प्रयोगात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी, की तेथे कोणी पदवीचा कागद मागितला नाही. मांडलेला विचार उपयोगी आहे की नाही, एवढेच पाहिले गेले. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. पुस्तकातील सिद्धता ही विणून, धुऊन, घडी घालून ठेवलेल्या वस्त्रासारखी असते. विणताना धागा किती वेळा तुटला आणि गाठ कोठे मारली, हे तिच्यात दिसत नाही. येथे मात्र मागच अंगणात मांडलेला होता. थोर गणितज्ञही चुकतात, थांबतात, मागे फिरतात, हे शिकणाऱ्यास प्रत्यक्ष पाहता आले.

तथापि समुदायाने सर्व काही साधते, असा समज करून घेणे योग्य नव्हे. ११ व १३, १७ व १९ अशा जवळजवळच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत काय, हा जुना प्रश्न आहे. २०१३ साली यितांग झांग यांनी दाखवून दिले, की ज्यांतील अंतर ७ कोटींहून कमी आहे अशा जोड्या अनंत आहेत. नोकरीअभावी एके काळी हिशेबनीसाचे काम केलेल्या या गृहस्थांनी हा शोध संपूर्ण एकांतात लावला. त्यानंतर टाओ यांच्या पुढाकाराने पॉलिमॅथची मंडळी पुन्हा एकत्र आली आणि काही आठवड्यांतच ७ कोटींचे अंतर ४,६८० वर आणले. पुढे जेम्स मेनार्ड या तरुण गणितज्ञाने स्वतंत्र रीतीने ते ६०० पर्यंत खाली आणले. मग तेही या मंडळींत सामील झाले आणि २०१४ साली हा आकडा २४६ वर आला. नवी वाट एकांतातील तपश्चर्येने उघडली. ती रुंद आणि चालण्याजोगी केली संगतीने.

आणखीही काही मर्यादा आहेत. ही चर्चा इंग्रजीत चालते. विषयाचा पाया पक्का नसेल, तर उघडे दारही उपयोगाचे ठरत नाही. २७ हा आकडा तसा लहानच आहे. अशा समुदायात ज्ञान मिळते, पण नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयांचे महत्त्व यत्किंचितही कमी होत नाही.

मात्र ज्याचा प्रवेश हुकला, त्याच्यासाठी विषयाचे दार उघडे आहे, ही गोष्ट लहान नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली अमेरिकेत सुरू केलेल्या 'अर्काइव्ह' या भांडारातील भौतिकशास्त्राचे व गणिताचे शोधनिबंध आज कोणासही विनामूल्य वाचता येतात. तालुक्याच्या गावातील मुलीस आणि केंब्रिजमधील प्राध्यापकास तेथे एकच पान उघडते. उणीव असते ती ते पान समजावून सांगणाऱ्याची.

येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. शिष्यवृत्ती व वसतिगृहे यांचे कार्य थोर आहेच. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक संध्याकाळ एका विषयासाठी राखून ठेवता येईल. एक संगणक, विषय जाणणारी एक व्यक्ती आणि पाच-सात जिज्ञासू मुले एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे. इंग्रजीतील चर्चा तेथे मराठीतून उलगडावी. प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतः काय करून पाहिले ते सांगण्याची सवय मुलांना लावावी आणि चुकलेल्या उत्तरास कोणी हसू नये.

ताग्यातून कापड कापून दिले, की ताग्यात तेवढे कमी होते. विद्येचा तागा मात्र देणाऱ्याच्या हाती लांबतच जातो. पुढील पन्नास वर्षांत समाजातील प्रत्येक जिज्ञासू मुलास असा देणारा हात लाभो, हीच शुभकामना.