लेण्यातील लेख आणि शेतातील नाणे



नाशिकची शालेय सहल बहुधा रामकुंड व काळाराम मंदिर पाहून परतते. शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली’ एवढेच ऐकून मुले तेथून खाली उतरतात. वास्तविक येथील भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचे दप्तर कोरलेले आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या ३,००० कार्षापणांच्या कायम ठेवीची नोंद आहे. त्यांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते. या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. वर्षाचे व्याज २४०, खर्चही २४०! गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते?

तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. भिक्षूंना दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही ओस आहे, असे आढळल्यावर त्याऐवजी शंभर निवर्तने राजकीय जमीन देण्याचा तो हुकूम आहे. दिलेले दान प्रत्यक्षात पोहोचले की नाही, याची चौकशी तेव्हाही होत असे.

याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरात कुळाचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केल्याचे सांगते. या विधानाला पुष्टी मिळाली ती जमिनीतून. १९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता.

ही नाणी मुशीत वितळली असती, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता. नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदकामात असा ठेवा आजही लागू शकतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. शासनाने तो संपादन केल्यास मोबदल्याचीही तरतूद आहे. गावकऱ्यांना हे ठाऊक नसते. म्हणून भीतीपोटी किंवा लोभापोटी ठेवा दडविला जातो. ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखविणे हे पंचायतीचे काम होय.

मुलांना नाण्याची भाषा कळावी यासाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. ही संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. सकाळी लेणी आणि दुपारी अंजनेरी, असा सहलीचा क्रम ठेवावा. भिंतीवर वाचलेल्या राजांच्या काळातील व्यवहार मग मुलांना नाण्यांतून उलगडेल. असे मूल लेण्याच्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणार नाही आणि शेतात नाणे सापडले, तर ते आधी गुरुजींना दाखवील.