एक ताट, मूठभर मेथी आणि एक दगड

आठवडाभर मी कोड लिहितो आणि रविवारी संडे स्कूलमध्ये सात-आठ वर्षांची मुलं सांभाळतो. दुसरं काम जास्त अवघड आहे, खरंच सांगतो.

पहिल्या वर्षी मी ईस्टरला मुलांकडून अंडी रंगवून घेतली, कागदी ससे कापून घेतले. धमाल आली. मग विचारलं, ईस्टरला काय झालं? एक जण म्हणाला, "दादा, सशाने अंडी दिली." संपलं!

म्हणून २०२५ला बाग केली. ईस्टर २० एप्रिलला होता, म्हणजे झावळ्यांचा रविवार १३ला. शनिवारी रात्री मेथी भिजवायची. रविवारी जुन्या ताटात माती पसरायची, एका बाजूला चहाचं कुल्हड आडवं पुरायचं, तोंड बाहेर. ही कबर. बाकी मातीत मेथी पेरायची आणि रोज पाणी फक्त शिंपडायचं. ओतलं की बी कुजतं, माझं कुजलं. उत्तम शुक्रवारी कुल्हडात पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवून तोंडाशी दगड लावायचा. रविवार सकाळपर्यंत हात लावायचा नाही. (आम्ही आयटीवाले शुक्रवारी डिप्लॉय करत नाही, तसंच.)

आत बाहुली मुद्दाम नाही ठेवली. ती शनिवारी रात्री आईबाबांना गुपचूप काढावी लागते आणि मुलाने पाहिलं तर झालंच. मत्तयाच्या २८व्या अध्यायात नेमकी हीच अफवा आहे ना, शिष्यांनी रात्री शरीर चोरून नेलं म्हणून!

पेरणी चालू असताना एका मुलीने विचारलं, "दादा, माझ्या आजीचा दगड कधी सरकणार?" तिची आजी जानेवारीत गेली होती. मला काही सुचेना. पाठ केलेली उत्तरं होती, पण ती तिच्या तोंडाकडे बघून म्हणवेनात. शेवटी म्हणालो, "बाळा, कधी ते मला माहीत नाही. सरकणार असं मी मानतो. मीपण वाट बघतोय." तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मग मेथी जास्त दे."

ईस्टरला पहाटेच्या उपासनेला आम्ही कबरस्थानात जमतो. ती ताट घेऊन आली होती. मेथी चांगली बोटभर वाढलेली. आजीच्या कबरेवर ताट ठेवलं, कुल्हडासमोरचा दगड तिने स्वतः बाजूला केला, आत डोकावली आणि मला हाक मारली, "दादा, इकडे ये, बघ ना!"

मी गुडघ्यावर बसून बघितलं.