अब्रूचा कायदा आणि बातमीचा हक्क

बातमी दाबण्याचे सर्वांत स्वस्त साधन आज अब्रुनुकसानीची नोटीस हे आहे, आणि या संमेलनाने लेखनस्वातंत्र्याविषयीचा दरवर्षीचा मोघम ठराव टाळ्यांच्या गजरात संमत करण्याऐवजी या साधनाविरुद्ध नाव घेऊन, कलम सांगून भूमिका घेतली पाहिजे, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे. भारतीय संविधानात वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य असा स्वतंत्र हक्क नाही. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला जे भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो त्यातूनच तो निष्पन्न होतो, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात ज्या कारणांसाठी राज्याला वाजवी निर्बंध घालता येतात त्यांत अब्रुनुकसानीचा उल्लेख आहे. निर्बंध असावा की नसावा हा म्हणूनच वादाचा विषय नाही. तो वाजवी राहिला आहे काय, एवढाच आहे.

अब्रुनुकसानीला कायद्यात दोन वाटा आहेत. दिवाणी वाटेने गेलेला वादी नुकसानभरपाई मागतो, तर फौजदारी वाटेने गेलेला फिर्यादी शिक्षा मागतो. १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ आणि ५०० ही कलमे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली असून १ जुलै २०२४ पासून तेच लागू आहे, आणि दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद, समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय जोडून, कायम ठेवण्यात आली आहे. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असल्याचे सिद्ध झाले की बचाव पूर्ण होतो. फौजदारी खटल्यात मात्र मजकूर खरा असणे पुरेसे नसून तो लोकहितासाठी छापला होता हेही आरोपीलाच दाखवावे लागते. ज्या वाटेच्या शेवटी तुरुंग आहे त्याच वाटेवर सत्याचा बचाव अधिक दुबळा ठेवणारा हा कायदा परक्या सरकारने आपल्या सोयीने केला होता, आणि स्वतंत्र देशाच्या संसदेने तो नव्या नावाने पुन्हा संमत केला, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

या प्रदेशाला या कायद्याचा अनुभव नवा नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात जदुनाथजी महाराजांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मूळजी यांच्यावर लावलेला ५०,००० रुपयांचा दावा चालला, तेव्हा धर्मगुरूंच्या अनाचाराविषयीचे आरोप खरे आहेत हे दाखवण्यासाठी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले, आणि आरोप सिद्ध झाल्यामुळे करसनदास तरले. वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या फिर्यादीवरून ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांना चार महिन्यांची कैद झाली व त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले होते ती बनावट निघाली होती आणि त्यांनी माफीही मागितली होती. तरीही कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या हालअपेष्टांविषयी कळकळीने लिहिणाऱ्या दोन संपादकांना चोरापोरांच्या रांगेत बसवावे, इतका तो प्रमाद होता काय, हा प्रश्न आजही उभा आहे. पुढे टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जळजळीत टीका करणारे दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले, तेव्हा तेच कलम त्या पुस्तकाच्या लेखकावर आणि प्रकाशक केशवराव जेधे यांच्यावर चालवले गेले, कारण या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात रद्द झाली, आणि ते अपील लढवणारे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्या कलमाने टिळकांना तुरुंगात धाडले तेच त्यांच्या टीकाकारांना तुरुंगात धाडण्यासाठी उपयोगी पडले, यावरून त्याला पक्ष नसतो, ज्याच्या हाती पडेल त्याचे ते होते, एवढे तरी ध्यानात यावे.

आज या कलमाचा खरा मारा निकालात नसून निकालापर्यंतच्या काळात आहे, आणि तो संपादकापेक्षा तालुक्याच्या वार्ताहरावर अधिक बसतो. पाणीपुरवठ्याच्या निविदेतील घोळ अथवा वाळूउपशाची बातमी तो देतो. ती छापून येते. काही महिन्यांनी त्याच्या हाती समन्स पडते. मग वकीलपत्र, जामीन, जामीनदार, दर तारखेला हजेरी, आणि जाणे शक्य नसेल तर हजेरीमाफीचा अर्ज. न्यायाधीश रजेवर असले की पुढची तारीख, फिर्यादी आजारी असला की त्याच्याही पुढची. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात जी ओळ असते, की अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही, ती त्याला तर नाहीच, खुद्द संपादकालाही वाचवत नाही. अनेक ठिकाणी या वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातींच्या कमिशनवर तो जगतो, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायला त्याला जावे लागते. अशा माणसाला दोषी ठरवण्याची गरजच उरत नाही. दोन वर्षे तारखा घातल्या की तो पुढची बातमी आपणहून सोडतो, आणि शेजारच्या तालुक्यातला दुसरा वार्ताहर त्यावरून धडा घेतो.

दिवाणी बाजूला हेच काम रकमेचा आकडा करतो. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये टाइम्स नाऊ या वाहिनीला निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांना १०० कोटी रुपये देण्याचा हुकूम केला. २००८ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या घोटाळ्याच्या बातमीत, नामसाधर्म्यामुळे, दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी त्यांचे छायाचित्र सुमारे १५ सेकंद झळकले होते. प्रेस कौन्सिलचे अध्यक्षपद भूषवलेल्या निःस्पृह माणसाला झालेली इजा खरी होती, वाहिनीची चूक अक्षम्य हलगर्जीपणाची होती, आणि दिलगिरी वेळेत, ठळकपणे दाखवली गेली असती तर कदाचित दाव्याची वेळ आली नसती. हे सर्व मान्य करूनही अपिलाच्या काळात २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरण्याची जी अट उच्च न्यायालयाने घातली, आणि जिच्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, ती एखाद्या जिल्हा दैनिकाला लागू झाली असती तर ते दैनिक अपील दाखल करण्यापूर्वीच बंद पडले असते. वाहिनीच्या तिजोरीकडे पाहून घातलेला पायंडा पुढे दुबळ्यांच्या मानेवर येतो. त्यात महाराष्ट्रात कोर्ट फीला कायद्यानेच कमाल मर्यादा असल्यामुळे दाव्यातील शून्ये वाढवण्यासाठी धनवानाला त्या प्रमाणात काहीच मोजावे लागत नाही.

अनेकदा तर न्यायालयाची पायरीही चढावी लागत नाही. २०१७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ला अदानी समूहाच्या वकिलांची नोटीस आली, प्रकाशक न्यासाने लेख काढून घेतले आणि संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला, तोवर सत्यासत्याची छाननी कोणत्याही न्यायासनासमोर झाली नव्हती. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या झी समूहाविषयीच्या लेखाबाबत दिल्लीच्या न्यायालयाने दिलेला एकतर्फी मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि सुनावणीपूर्वी मजकूर रोखण्याचे हुकूम केवळ अपवादात्मक परिस्थितीतच द्यावेत असे बजावले, तेव्हा अशा दाव्यांसाठी ‘स्लॅप’ ही संज्ञाही वापरली. सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्याला खर्चात आणि वेळेत बुडवून गप्प करण्यासाठी केलेला दावा, असा तिचा अर्थ आहे.

प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक ठरवली. प्रतिष्ठेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. खोट्या बातमीने उद्ध्वस्त झालेल्या सामान्य माणसाला दाद मिळालीच पाहिजे. पण त्या दादीसाठी तुरुंग कशाला हवा, याचे समाधानकारक उत्तर त्या निकालात सापडत नाही. इंग्लंडने हा गुन्हा २००९ च्या कायद्याने मोडीत काढला, श्रीलंकेने त्याच्याही आधी, २००२ मध्ये. आपल्याकडेही १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारचे बदनामी विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही मागे घ्यावे लागले, कारण देशभरचे पत्रकार आणि त्यांच्यासोबत मालकही रस्त्यावर उतरले होते.

ते मालक आज कोठे आहेत, हे या सभेत विचारलेच पाहिजे. नोटीस येताच संकेतस्थळावरून बातमी उतरवणारे, आपला वार्ताहर आपला कर्मचारीच नसल्याचे न्यायालयात सांगणारे आणि चुकीचा खुलासा मात्र आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत उरकणारे वृत्तपत्रसमूह स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणे कठीण होते. म्हणून या संमेलनाच्या ठरावात कलम ३५६ मधील शिक्षा रद्द करण्याची, गप्प करण्याच्या हेतूने केलेले दावे सुरुवातीलाच फेटाळून प्रतिवादीला पूर्ण खर्च देण्याची आणि भरपाई प्रत्यक्ष इजेशी बांधण्याची मागणी सरकारकडे असावी. तर चुकीची दुरुस्ती मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापण्याची आणि तालुका वार्ताहराच्या वकिलाची फी, जामीन व तारखांचा प्रवासखर्च करारात लिहून देण्याची मागणी मालकांकडे असावी. पहिल्या रांगेत बसलेल्या मालक-संपादकांनी या दुसऱ्या भागावर आज सायंकाळी खुल्या अधिवेशनात, सर्वांसमक्ष हात वर करून मत द्यावे.