पेट्रोलची गाडी, विजेची गाडी आणि आपली देवणी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तू गाड्यांच्या कंपनीत आहेस, तर विजेच्या गाड्यांवर बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." मला ही अट आवडली. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेली दोन वर्षं एकच प्रश्न फिरतोय, "घ्यावी का?" त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पुण्यातलं उत्तर वेगळं, देवणीतलं वेगळं. आज देवणीपुरतं बोलते.

आधी माझं काम काय ते सांगते. मी गाडी बनवत नाही. विजेच्या गाडीच्या बॅटरीत शेकडो लहान सेल असतात. प्रत्येकाचा दाब किती, तो किती तापलाय, चार्जिंग कधी थांबवायचं, हे सतत पाहणारी एक छोटी संगणकीय पाटी बॅटरीत बसवलेली असते. त्या पाटीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून या गाडीचं कौतुकही मला ठाऊक आहे आणि तिच्या खोडीही.

पहिला हिशेब पैशाचा. पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला शंभरातला पंचवीस-तीस भागच चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते. बाईकच्या सायलेन्सरला पाय भाजलेला प्रत्येक जण याचा साक्षीदार आहे! विजेची मोटर शंभरातला ऐंशीच्या आसपास भाग चाकाला देते. बचतीचं सगळं मूळ इथे आहे.

आता आकडे. समजा, एखाद्या बाई नोकरीसाठी स्कूटरवर रोज 40 किलोमीटर जाऊन-येऊन करतात. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,000 किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 देते, तर 22 लिटर लागलं. लिटरला 105 रुपये धरा, 2,300 रुपये झाले. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला सुमारे 35 युनिट लागतात. युनिट 12 रुपये धरलं तरी 420 रुपये. महिन्याला 1,900 रुपये वाचले, ऑईल बदलण्याचा खर्च वेगळाच. ज्यांचं रोजचं जाणं ठरलेलं आहे आणि गाडी रात्री घरीच उभी राहते, त्यांच्यासाठी हा हिशेब चोख बसतो. पण जो आठवड्यातून दोनदा बाजाराला जातो, त्याची बचतच थोडी. त्याने असलेली गाडी खुशाल चालवावी.

दुसरी गोष्ट, घ्यायची कशी? हे देवणीच्या माणसाला शिकवायची गरज नाही. आपल्या गावाच्या नावाने गोवंश ओळखला जातो. वानेरा, बालंक्या, शेवरा हे त्याचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो. बैल घेताना आपले वडील काय करायचे? रंगावर भुलायचे नाहीत. तोंड उघडून दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचे. विजेच्या गाडीची बॅटरी म्हणजे तिचे दात. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा एकच हिस्सा तिचा असतो. जुनी गाडी घेताना बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरली आहे, याचा अहवाल मागा. विकणारा देत नसेल तर पुढच्या दावणीला जा. नवीन घेताना हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ते लेखी घ्या. अनेक चारचाकींना 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर हमी मिळते. स्कूटरला बहुधा कमी असते.

"ताई, पेट घेते म्हणे!" हाही प्रश्न येतो. 2022 च्या उन्हाळ्यात देशात काही स्कूटर पेटल्या, पुण्यातही एक पेटली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे त्याआधीची, कुठल्यातरी अनोळखी बनावटीची स्वस्त गाडी कोणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा. आणि आपला उन्हाळा ध्यानात ठेवा. भर दुपारी उन्हातून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर निवू द्या.

तिसरी गोष्ट घरातली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तिचं नाव अर्थिंग. कंपनीचा विक्रेता गाडीचा वेग सांगेल, मोठा पडदा दाखवेल, पण तुमच्या घराचं अर्थिंग बघायला येणार नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि त्यातल्या तिसऱ्या पिनेला आत तारच जोडलेली नसते. गाडीचं सॉफ्टवेअर हे ओळखतं आणि चार्जिंग नाकारतं. मग माणूस म्हणतो, गाडी खराब निघाली. गाडी बरोबर असते, भिंत खोटी असते. म्हणून गाडीच्या आधी वायरमनला बोलवा. खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा. मीटरपासून जाड तार ओढून 16 अँपियरचा वेगळा सॉकेट घ्या, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा. हा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि त्यात तुमच्या लेकरांचा जीव आहे.

कोणी म्हणेल, वीज तरी कुठे शुद्ध आहे? कोळसाच जाळतात ना! खरं आहे. आपल्या मराठवाड्यातलं परळीचं केंद्र कोळशावरच चालतं, आणि 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले होते. म्हणून विजेच्या गाडीचा खरा जोडीदार आपल्या माळवदावर आहे. ऊन आपल्याकडे कधीच कमी पडलं नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. असा संच चांगल्या उन्हाच्या दिवशी बारा-एक युनिट देतो. स्कूटरला दिवसाला दीड युनिट पुरतं. म्हणजे स्कूटर भागवून घरालाही उरतं.

लांबच्या प्रवासाचंही सांगते. पुण्याहून देवणीला मी विजेच्या कारने येते. टेंभुर्णीला जेवण आणि चार्जिंग, लातूरला चहा आणि चार्जिंग. रस्त्यातला चार्जर घरच्यापेक्षा बराच महाग पडतो, आणि एकदा बंदही सापडला आहे. तेव्हा शेजारी दुसरा कुठे आहे ते माहीत असावं लागतं. पोरांना घेऊन रात्रीचं निघायचं असेल तर पेट्रोलची गाडी आजही सोपी आहे, हे मी लपवणार नाही. पण बदल थांबणार नाही. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली. त्याच मार्गावर 1 जून 2022 ला विजेवरची 'शिवाई' धावली. आपल्या गुरुजींची चेतक आठवते? वाकवून मग किक मारायची! तीही जानेवारी 2020 मध्ये विजेवर परत आली.

आता ज्या विषयासाठी मी खरं तर उभी राहिले, त्यावर येते.

आपल्या वर्गातले दोघे आज गॅरेज चालवतात. नावं घेत नाही, ते समोरच बसले आहेत. दहावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले आणि ते पाना-पक्कड घेऊन बसले. तालुक्यातल्या किती गाड्या त्यांनी रस्त्यावर ठेवल्या, त्याची गणती नाही. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, प्लग नाही, क्लच नाही, कार्बोरेटर नाही, इंजिन ऑईल नाही. त्यांच्या कमाईतला मोठा हिस्सा याच कामांतून येतो. मी लिहिते ते सॉफ्टवेअर त्यांच्या हातातलं काम कमी करतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले नाही तर या भाषणाला अर्थ नाही.

टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप, वायरिंग ही कामं राहतीलच. पण बिघाड कुठला आहे ते शोधायला यापुढे कानापेक्षा मीटर आणि संगणक लागेल. आणि अडचण अशी की पेट्रोलचं इंजिन पान्याने उघडायचं, ही गाडी पासवर्डने उघडते. तो बहुधा कंपनीच्या वर्कशॉपकडेच असतो. मग साध्या सेन्सरसाठी स्कूटर टेम्पोत घालून लातूरला न्यायची, आणि पेट्रोलचे वाचलेले 1,900 रुपये तिथे देऊन यायचे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण हक्क वापरायला गावात शिकलेले हात लागतात. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला विजेच्या स्कूटरचा मोठा कारखाना 2024 मध्ये जाहीर झाला. आपली काही पोरं तिकडे जातील, चांगलंच आहे. पण गाडी बिघडते ती गावात. दुरुस्तीचा रोजगार गावात राहायचा तर तो आपल्यालाच राखावा लागेल.

म्हणून माझी विनंती अशी. मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी आपण शाळेला काहीतरी देतो. या वर्षी एक खोली मागू, रविवारपुरती. चांगले मल्टिमीटर, इन्सुलेशन तपासायचं यंत्र, विजेपासून जपणारे हातमोजे आणि सरावाला एक जुनी विजेची स्कूटर घेऊ. स्कूटरची बॅटरी बहुधा पन्नास-साठ व्होल्टची असते, तिच्यावर शिकता येतं. कारची तीनशे-चारशे व्होल्टची, तिला पूर्ण प्रशिक्षणाशिवाय कोणीही हात लावायचा नाही. शिकवायला महिन्यातला एक रविवार मी येईन, उरलेले रविवार ऑनलाइन घेईन. पहिल्या तुकडीत दोन्ही गॅरेजवाले, गावातले वायरमन आणि दहावी-बारावी झालेली मुलं-मुली असाव्यात. मुली मी मुद्दाम म्हणते. या कामाला ताकदीपेक्षा नेटकेपणा लागतो आणि कॉलेजात मशीनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, तसं इथे व्हायला नको.

विज्ञानाच्या आपल्या सरांनी खोलीची जबाबदारी घ्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्याकडे एक वही आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी, आणि ज्यांना खर्चात वाटा उचलायचा आहे त्यांनी, जेवणाआधी त्या वहीत नाव लिहावं. पहिली दोन नावं कोणाची असावीत, ते समोर बसलेल्या दोघांना कळलंच असेल.