डोळ्याचा पडदा आणि साखरेचा आजार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



डोळ्याचा आजार म्हटला की आपल्याला चष्मा किंवा मोतीबिंदू आठवतो. आज मी त्याहून आतल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्याविषयी बोलणार आहे. यालाच दृष्टिपटल म्हणतात.

साखरेचा आजार अनेक वर्षे राहिला की या पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही पाझरतात, काही बंद पडतात. उपाशी राहिलेल्या पडद्यावर मग नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून डोळ्यात रक्त उतरते. तोपर्यंत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वर्तमानपत्रही वाचता येते. म्हणून घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "मला सगळे स्वच्छ दिसते, डॉक्टर कशाला?" त्यांचे म्हणणे खरे असते आणि आजारही खरा असतो.

या वाहिन्यांचे नीट चित्र मिळाले ते दोन विद्यार्थ्यांमुळे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेणारे नोवोत्नी आणि ऑल्व्हिस यांनी दंडाच्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा रंग टोचून, तो डोळ्यात पोहोचताना झरझर छायाचित्रे घेतली. पहिला डोळा खुद्द ऑल्व्हिस यांचाच होता! नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला. तो १९६१ साली हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला. आज जगभर ही तपासणी होते.

चित्र मिळाले, पण इलाज? लेसर किरणांनी पडद्याच्या कडेकडेला बारीक डाग दिले तर उरलेल्या पडद्याची उपासमार कमी होते, असा डॉक्टरांचा कयास होता. कयासावर डोळे भाजायचे कसे? अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात सतराशेहून अधिक रोग्यांवर याची कसोटी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केला, दुसरा तसाच ठेवला. कोणता डोळा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नव्हते. ते चिठ्ठी टाकावी तसे ठरत होते. रोगी तोच, साखर तीच, त्यामुळे तुलना चोख झाली. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी शेकडा सुमारे १६ डोळ्यांची नजर जवळजवळ गेली. उपचार केलेल्यांत हे प्रमाण सहा-सातवर आले. फरक एवढा स्पष्ट होता की १९७६ साली नियम बदलून, ज्यांना धोका होता अशा राखून ठेवलेल्या डोळ्यांनाही उपचार खुला केला. संशोधनातला हा प्रामाणिकपणा मला आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

लेसरने कडेची नजर थोडी कमी होऊ शकते, हेही त्याच अभ्यासात दिसले. आणि मुख्य म्हणजे लेसर आहे ती नजर राखतो, गेलेली सहसा परत आणत नाही.

पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर आता डोळ्यात इंजेक्शन देतात. त्यातले बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगाचे, पुष्कळ स्वस्त औषध. म्हातारपणी पडद्यामागच्या थरातून, म्हणजे रंजितपटलातून, वाहिन्या वाढतात त्या आजारात ते महागड्या औषधाच्या बरोबरीचे ठरले, असे २०११ साली दिसून आले. मधुमेहाच्या सुजेत मात्र, नजर बरीच उतरली असेल तर दुसरे, महाग औषध पहिल्या वर्षी सरस ठरले, हे २०१५ साली कळले. तेव्हा स्वस्त की महाग, याचे एकच उत्तर नाही. आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरात अब्बा, अम्मी, नानी यांपैकी कोणाला साखर असेल तर त्यांना वर्षातून एकदा तपासणीला न्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहायला सांगा. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, उजेड सहन होत नाही. तेव्हा परत येताना अब्बांना स्कूटर चालवू देऊ नका, सोबत जा.