एक्स-रे काढण्याआधीचा प्रश्न

डॉक्टरांनी ‘छातीचा फोटो काढून आणा’ म्हटलं, की पुष्कळांना पहिली धास्ती वाटते ती किरणांची. धास्ती अगदीच खोटी नाही, पण तिचं माप काढून बघायला हवं. शरीरावर पडणारा किरणांचा भार मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला काहीही न करता वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका एक्स-रेतून मिळतात साधारण 0.02, म्हणजे तीन दिवस नुसतं घरी बसून मिळतील तेवढे. कमरेच्या मणक्याच्या तपासणीत मात्र हाच आकडा दीडच्या आसपास जातो आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये सातच्या घरात. तेव्हा ‘एक्स-रे वाईट’ किंवा ‘एक्स-रेनं काही होत नाही’, ही दोन्ही वाक्यं सारखीच ढोबळ आहेत.

यावर कुणी विचारेल, इतकंच असेल तर तंत्रज्ञ भिंतीआड का जातो? कारण तुमचा फोटो एक, त्याचे दिवसाला कितीतरी, आणि तेही वर्षानुवर्षं. शिवाय त्या किरणांचा त्याला स्वतःला काडीचा उपयोग नाही. म्हणून त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. त्याच्या छातीवरचा बिल्ला तोच हिशेब ठेवतो. रुग्णासाठी अशी मर्यादाच ठरवलेली नाही, आणि हे विसरून राहिलेलं नाही. रुग्णाच्या बाबतीत तपासणीची गरज हीच मर्यादा. अगदी थोड्या किरणांनाही थोडा धोका असतो असं धरूनच सुरक्षेचे नियम केलेले आहेत. गरज असेल तर तो धोका पत्करण्याजोगा, नसेल तर तीन दिवसांचाही फुकटचा.

म्हणून डॉक्टरांना विचारावं: या फोटोवरून माझा उपचार बदलणार आहे का? पडून हात सुजला असेल, खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर उत्तर बहुधा ‘हो’ येईल. पण चार दिवसांची साधी कंबरदुखी, मार नाही, ताप नाही, पायात बधिरपणा नाही, तर फोटोतून सहसा हाती काही लागत नाही. साध्या एक्स-रेत चकती आणि नस दिसतच नाहीत. दिसतो तो आपल्याकडे प्रसिद्ध असलेला ‘मणक्यातला गॅप’, आणि वय वाढलेल्या, कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांतही तसलेच बदल सर्रास सापडतात. ‘फोटो काढला की मनाची खात्री होते’ म्हणणाऱ्यांना खात्रीऐवजी नवी काळजीच घरी न्यावी लागते ती अशी. प्रश्न विचारल्यानं डॉक्टर दुखावतील, ही भीतीही नको. कारण सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगावं. मात्र गरजेचा एक्स-रे तेवढ्यासाठी नाकारू नये, छातीच्या फोटोत गर्भापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. मंगळसूत्र, ताईत, धातूचे हुक काढून ठेवावेत आणि ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर खरोखर रोखावा, नाहीतर फोटो पुन्हा काढावा लागतो. आणि जुनी फिल्म रद्दीत टाकू नये. फुप्फुसावरचा डाग नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचाच, हे कित्येकदा ती जुनी फिल्म शेजारी धरल्यावरच कळतं.